जखमी जवानाला हवाईमार्गे हलवताना: मागणीपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत

हवाई स्थलांतराची चर्चा बहुतेक वेळा हेलिकॉप्टरच्या वेगापासून सुरू होते आणि तिथेच संपते. खरं तर उड्डाणाला लागणारा वेळ अंतराने ठरलेला असतो, त्यात फारशी काटछाट होत नाही. वेळ वाया जातो तो जमिनीवर. मागणी कोणाकडे करायची हे ठाऊक नसतं. मंजुरीचा कागद तीन टेबलांवर फिरतो. विमान उतरलं तरी रुग्णवाहिका आलेली नसते. आणि सगळं जुळून आलं, तर पलीकडच्या रुग्णालयात व्हेंटिलेटरचा बेड रिकामा नसतो. म्हणून या लेखात विमानापेक्षा दोन टप्प्यांमधल्या सांध्यांवर जास्त भर आहे. तुकडीचं, हवाई तळाचं किंवा लष्करी रुग्णालयाचं वैद्यकीय नियोजन ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. एकेका रुग्णावरचे उपचार अर्थातच त्याच्यासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरने ठरवायचे.

जमिनीवरचा वेळ कमी केला की काय होतं, याचा पुरावा आहे. जून २००९मध्ये अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आदेश काढला: अफगाणिस्तानातला गंभीर जखमी सैनिक मागणी आल्यापासून साठ मिनिटांत उपचारकेंद्रात पोचलाच पाहिजे. त्या आधी आणि नंतरच्या नोंदींची तुलना पुढे प्रसिद्ध झाली. वाहतुकीचा मध्यक वेळ (निम्म्या मोहिमा ज्याहून कमी वेळात होतात तो) ९० मिनिटांवरून ४३ मिनिटांवर आला होता आणि जखमींमधलं मृत्यूचं प्रमाणही घटलं होतं. हेलिकॉप्टरं रातोरात वेगवान झाली नव्हती. त्यांची संख्या वाढली, ती कुठे उभी ठेवायची हे बदललं, शस्त्रक्रियेची छोटी पथकं पुढे आणली गेली, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी घड्याळाची जबाबदारी घेतली.

१. आधी साखळी कागदावर उतरवा

हवाई स्थलांतराचे साधारण तीन टप्पे मानले जातात. जखमी झालेल्या जागेपासून पहिल्या उपचारकेंद्रापर्यंतचा पुढचा टप्पा बहुधा हेलिकॉप्टरने होतो. युद्धक्षेत्रातल्या एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्याचा टप्पा मधला. आणि युद्धक्षेत्राबाहेर, मायदेशातल्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा लांब पल्ल्याचा टप्पा शेवटचा. एका मोठ्या कागदावर हे तिन्ही मांडा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: यंत्र कोणाचं, वैद्यकीय पथक कोणाचं, निर्णय कोणाचा, आणि रुग्ण नेमका कोणत्या जागी कोणाच्या ताब्यात जातो. चौथा रकाना भरताना बहुतेक ठिकाणी पेन अडतं. धावपट्टीवर अर्धा तास पडून असलेला रुग्ण पाठवणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, याचं लेखी उत्तर नसेल तर सुधारणा तिथूनच सुरू करा.

वेळेची मोजपट्टी म्हणून नाटोचा १०-१-२ हा संकेत सोपा आहे: दहा मिनिटांत रक्तस्राव थांबवणं आणि श्वासमार्ग मोकळा करणं, एका तासात प्रगत जीवरक्षक उपचार, दोन तासांत जीव वाचवणारी शस्त्रक्रिया. पहिला आकडा हेलिकॉप्टरच्या आवाक्यातला नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तो सोबतच्या जवानाच्या हातातल्या टूर्निकेटचा, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायच्या पट्ट्याचा आहे. प्रत्येक जवानाला टूर्निकेट बांधता येत नसेल, तर हवाई साखळी कितीही सुधारली तरी ती उशिराच पोचणार.

२. मागणी एकाच टेबलावर

एक नियंत्रण कक्ष, एक फ्रिक्वेन्सी, एक पर्यायी फ्रिक्वेन्सी. कक्षात उड्डाण ठरवणारा अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी शेजारी शेजारी बसलेले असावेत, वेगवेगळ्या इमारतींत नव्हे. हा बदल जवळजवळ फुकट होतो, तरीही तोच सर्वांत उशिरा होतो.

मागणीसाठी अनेक सैन्यांत नऊ ओळींचा ठरावीक संदेश वापरतात: जागा, फ्रिक्वेन्सी आणि कॉलसाइन (रेडिओवरचं सांकेतिक नाव), अग्रक्रमानुसार रुग्णांची संख्या, विशेष उपकरणं, झोपून किती आणि बसून किती, जागेची सुरक्षितता, जागा ओळखण्याची खूण, रुग्ण कोण आहेत, आणि रासायनिक, जैविक किंवा किरणोत्सारी दूषण. यातली खरी सोय अशी की पहिल्या पाच ओळी मिळाल्या की हेलिकॉप्टर उडू शकतं. उरलेल्या चार वाटेत सांगता येतात. तुमच्याकडे नऊही ओळी पूर्ण झाल्याशिवाय रोटर फिरत नसेल, तर आजच कार्यपद्धती बदला.

या संदेशाला वैद्यकीय माहितीची जोड द्या, पण थोडक्यात: इजा कशामुळे झाली, कोणत्या जखमा दिसतात, नाडी-श्वास-शुद्ध कशी आहे, आतापर्यंत काय उपचार केले. त्यापलीकडची कहाणी रेडिओवर नको.

मंजुरीचा अधिकार शक्य तितका खाली द्या. तातडीच्या रुग्णासाठी कक्षातल्या अधिकाऱ्याने उड्डाण सोडावं आणि वरिष्ठांना कळवावं. परवानगी मागून थांबू नये. ज्या जागी शत्रूचा धोका आहे तिथे सेनाधिकाऱ्याचा निर्णय लागणारच. पण तो निर्णय घेणारा माणूस आधी ठरलेला असावा, आणि तो झोपला असेल तर त्याच्या जागी कोण, हेही.

३. अग्रक्रम फुगू देऊ नका

पुढच्या टप्प्यात सर्वसाधारण संकेत असा: तातडीचा रुग्ण तासाभरात, प्राधान्याचा चार तासांत, नित्याचा चोवीस तासांत. लांब पल्ल्याच्या विमानासाठी हे वेळापत्रक सैल असतं. प्राधान्याला चोवीस तास आणि नित्याला बहात्तर तास धरले जातात. दोन्ही वेळापत्रकं वेगळी आहेत, हे फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. नाहीतर पुढच्या ठाण्यातला ‘प्राधान्य’ आणि मागच्या तळावरचा ‘प्राधान्य’ यांत वीस तासांचं अंतर पडतं.

आपला माणूस लवकर निघावा म्हणून पाठवणारे सगळ्यांनाच ‘तातडीचा’ म्हणतात. स्वाभाविक आहे, पण त्याची किंमत शेजारच्या ठाण्यातला खरा तातडीचा रुग्ण मोजतो. यावर दटावणी चालत नाही. महिन्यातून एकदा पाठवताना दिलेला अग्रक्रम आणि पोचल्यावर दिसलेली स्थिती समोरासमोर ठेवून त्याच ठाण्याला दाखवा. आकडे डोळ्यांसमोर आले की पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो. मात्र उलटी चूक जास्त महाग पडते, म्हणून थोडा फुगवटा सहन करावा.

४. हवेत जाण्याआधी: दाब आणि प्राणवायू

प्रवासी किंवा मालवाहू जेट विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारण ८,००० फूट उंचीवरच्या दाबापर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरवरून सुमारे ५६५वर. यातून दोन परिणाम होतात आणि उड्डाणयोग्यतेची बहुतेक तपासणी त्या दोनांभोवती फिरते.

पहिला परिणाम असा की बंदिस्त हवा फुगते. वरच्या आकड्यांनी तिचं आकारमान जवळजवळ ३५ टक्क्यांनी वाढतं. छातीच्या पोकळीत हवा साचली असेल तर फुफ्फुस आणखी दाबलं जातं, म्हणून उड्डाणाआधी छातीत नळी हवी आणि तिला एकेरी झडप हवी. कवटीत हवा अडकली असेल, किंवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय रुग्ण हलवू नका. आतड्यांची नुकती शस्त्रक्रिया झाली असेल तर पोटात नळी घालून ती मोकळी ठेवा. श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाब चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा मोजा. मोडलेलं हाड स्थिर ठेवणारे हवा भरलेले स्प्लिंट टाळा. ताजं प्लास्टर उभं कापून सैल करून ठेवा, कारण सूज वाढली तर केबिनमध्ये प्लास्टर कापायची करवत नसते. जबडा तारांनी बांधलेला असेल, तर त्या तारा कापायची पक्कड रुग्णाच्या अंगावरच बांधा. वैद्यकीय बॅगेत ठेवू नका. उलटी सुरू झाल्यावर बॅग शोधायला वेळ नसतो.

दुसरा परिणाम म्हणजे प्राणवायू विरळ होतो. जमिनीवर ४० टक्के ऑक्सिजनवर स्थिर असलेल्या रुग्णाला तेवढाच लाभ मिळण्यासाठी वर सुमारे ५४ टक्के लागतो. गणित सरळ आहे: जमिनीवरचा टक्का गुणिले ७६० भागिले ५६५. जमिनीवरच ८० टक्क्यांवर असलेला माणूस या हिशेबात शंभराच्या पुढे जातो, म्हणजे नेहमीच्या केबिन दाबात त्याला नेताच येत नाही.

अशा वेळी वैमानिकाकडे केबिनची उंची कमी ठेवण्याची मागणी करता येते, बहुधा ५,००० फुटांपर्यंत. ही मागणी मात्र उदार हाताने वाटू नका. विमानाला खालून उडावं लागतं, इंधन जास्त जळतं, पल्ला घटतो, वाटेत उतरावं लागू शकतं आणि खालच्या हवेतले धक्के रुग्णालाच बसतात. उड्डाण वैद्यकातल्या डॉक्टरने वैमानिकाशी बोलून प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र निर्णय घ्यावा. खोल पाण्यातून वर येताना दाबविकार झालेला पाणबुड्या मात्र याला अपवाद आहे. त्याच्यासाठी केबिन शक्य तितकी निघण्याच्या जागेच्या दाबाला ठेवा, आणि हेलिकॉप्टर असेल तर ते जमिनीलगत उडवा.

हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये दाब राखलेला नसतो. डोंगराळ मुलखात खिंड ओलांडताना वरचे सगळे नियम त्यालाही लागू होतात, हे विसरलं जातं.

५. ऑक्सिजनचा हिशेब

इथे एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, कारण या एकाच गणितात बहुतेक नियोजन फसतं.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, मिनिटाला ८ लिटर श्वास, जमिनीवर ६० टक्के ऑक्सिजन, तीन तासांचं उड्डाण. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला सुमारे ४ लिटर लागतो. घाईत केलेला हिशेब असा: १८० मिनिटं गुणिले ४, म्हणजे ७२० लिटर. ई साइझचा भरलेला सिलिंडर सुमारे ६८० लिटरचा असतो, तेव्हा दोन घेतले की झालं.

आता खरा हिशेब. वर गेल्यावर ६० टक्क्यांचे सुमारे ८१ होतात, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. तीन तासांच्या उड्डाणात हवामान बिघडून दुसऱ्या तळावर जाण्याचे दीड तास मिळवा: २७० मिनिटं गुणिले ६, म्हणजे १,६२० लिटर. चढवणं, धावपट्टीवर थांबणं, उतरवणं आणि रुग्णवाहिका यांची नव्वद मिनिटं, ४ लिटरने ३६०. बेरीज १,९८०. त्यावर निम्मी राखीव भर घातली की २,९७०. म्हणजे पाच सिलिंडर. हा हिशेब मुद्दाम सुरक्षित बाजूला झुकवलेला आहे आणि तसाच असावा. काही व्हेंटिलेटर स्वतः चालण्यासाठीही वायू खर्च करतात. त्यांचा आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहून त्यात मिळवा.

बॅटरीला हाच नियम. कंपनीने सांगितलेला कालावधी नव्या बॅटरीचा आणि सुखद तापमानाचा असतो. थंडीत तो कमी भरतो. उपकरणं विमानात चालवण्यासाठी तपासून मंजूर झालेली असावीत, म्हणजे त्यांच्या लहरींचा वैमानिकाच्या यंत्रांना आणि विमानाच्या कंपनांचा त्यांना त्रास होत नाही याची खात्री झालेली असावी. केबिनमधल्या आवाजात अलार्म ऐकू येत नाही आणि स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. म्हणून मॉनिटरचा पडदा पथकाच्या नजरेसमोर बांधा. सलाइन नुसतं टांगून सोडू नका, पंपाने द्या.

रक्त सोबत नेत असाल तर तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत राखणारी पेटी आणि तिच्यातल्या तापमानाची नोंद हवी. आणि जखमीचं अंग उबदार ठेवा, बाहेर कितीही ऊन असो. रक्तस्राव झालेला माणूस थंड पडला की रक्त गोठेनासं होतं.

६. सोबत कोण

विमान एकच असलं तरी आतलं पथक कोणतं आहे यावर निकाल बदलतो. अफगाणिस्तानातल्या एका तुलनेत अतिदक्षता उपचारांचं प्रशिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकांनी आणलेल्या गंभीर जखमींपैकी ८ टक्के ४८ तासांत दगावले, तर साधं प्रशिक्षण असलेल्यांनी आणलेल्यांपैकी १५ टक्के. नवं विमान घेण्याच्या प्रस्तावाआधी प्रशिक्षणाचा प्रस्ताव पुढे करण्यासाठी हा आकडा उपयोगी पडतो.

लांब पल्ल्यासाठी अमेरिकी हवाई दलाच्या अतिदक्षता पथकात डॉक्टर, अतिदक्षता परिचारिका आणि श्वसनोपचार तंत्रज्ञ असे तिघं असतात. ब्रिटिशांनी चिनूक हेलिकॉप्टरमधून डॉक्टर, परिचारिका आणि दोन पॅरामेडिक थेट पुढे नेले. तुमच्याकडे दोन्ही जमणार नसेल, तरी एक पाळा: पाठवणाऱ्या रुग्णालयाची परिचारिका ‘सोबत जा’ म्हणून ऐनवेळी विमानात बसवू नका. हेडसेट कसा वापरायचा, विमानात कुठे धरायचं, आपत्कालीन दार कुठे, हे माहीत नसलेली व्यक्ती स्वतःच रुग्ण होऊ शकते. शिवाय ती गेली की मागचा वॉर्ड उघडा पडतो.

७. चढवणं

सर्वांत आधी शस्त्रं काढा. रायफल उघड दिसते. खिशातला हातबॉम्ब, सुटी काडतुसं आणि चाकू दिसत नाहीत. डोक्याला मार लागलेला किंवा वेदनाशामकाच्या अमलाखालचा जवान शत्रू समोर आहे समजून त्यांचा वापर करू शकतो. तपासणी एका ठरलेल्या माणसाने करावी आणि केल्याची खूण कार्डावर असावी. मानसिक आघाताच्या रुग्णाची झडती दोनदा घ्या, पण त्याला कैद्यासारखं वागवू नका.

रोटर फिरत असताना जायचं ते चालक दलाने इशारा केल्यावर आणि त्यांनी दाखवलेल्या दिशेनेच. शेपटीला पंखा असलेल्या हेलिकॉप्टरच्या मागे कधीही जायचं नाही. उतारावर खालच्या बाजूने जायचं, कारण वरच्या बाजूला पाती जमिनीच्या जास्त जवळ फिरतात. उशी, चादर, टोपी, काहीही सुटं नको.

ज्याच्याकडे वाटेत वारंवार हात लावावा लागेल, तो रुग्ण मधल्या उंचीवर, पथकाला दोन्ही बाजूंनी पोचता येईल असा ठेवा. डोक्याला इजा झालेल्याचं डोकं उंच हवं. हा आराखडा विमान येण्याआधी काढलेला असावा. रॅम्पवर उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही.

८. ताबा देणं

हा सर्वांत कमकुवत सांधा. रोटरच्या आवाजात सांगितलेलं अर्धं ऐकू येत नाही आणि ऐकलेलं निम्मं विसरलं जातं. म्हणून तीन गोष्टी करा. ठरलेल्या क्रमाने एकाच व्यक्तीने बोलायचं, बाकीच्यांनी तेवढा वेळ रुग्णाला हात लावायचा नाही. अपवाद फक्त वाहत्या रक्ताचा आणि थांबलेल्या श्वासाचा. टूर्निकेट कधी बांधलं आणि शेवटचं वेदनाशामक कधी, किती दिलं, या वेळा तोंडी सांगायच्याच, शिवाय न पुसणाऱ्या शाईने कार्डावर आणि अंगावरही लिहायच्या. कार्ड रुग्णाला बांधलेलं, मोबाइलमधला फोटो ही केवळ जोड.

घेणाऱ्या रुग्णालयाने नाव आणि पद सांगून ‘स्वीकारतो’ म्हटल्याशिवाय नित्याचा आणि प्राधान्याचा रुग्ण निघू नये. तातडीच्याला थांबवू नका, पण तो कुठे जातोय हे उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटांतच ठरलं पाहिजे. जवळचं रुग्णालय नेहमीच योग्य नसतं. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी नेऊन पुन्हा हलवण्यात दुसरं उड्डाण आणि आणखी काही तास जातात.

आता स्ट्रेचर, मॉनिटर आणि पंपांचा प्रश्न. रुग्णासोबत गेलेलं उपकरण परत येत नाही आणि काही आठवड्यांत पुढचं ठाणं रिकामं होतं. यावर उपाय अदलाबदलीचा: जेवढं पाठवलं तेवढंच, त्याच प्रकारचं, चार्ज केलेलं सामान त्याच विमानातून परत. यासाठी सगळ्या टप्प्यांवर एकाच नमुन्याची उपकरणं हवीत. खरेदी विभागाशी भांडायचं असेल तर या मुद्द्यावर भांडा.

९. मोजा, आणि मोजलेलं परत पाठवा

प्रत्येक मोहिमेच्या सात वेळा नोंदवा: इजा, मागणी, मंजुरी, उड्डाण, रुग्णाजवळ पोचणं, तिथून निघणं, रुग्णालयाचं दार. सरासरी काढू नका. एकदोन विचित्र मोहिमा ती बिघडवतात. मध्यक पाहा, आणि दहापैकी नऊ मोहिमा किती वेळात पुऱ्या झाल्या ते पाहा. कुठल्या दोन वेळांमधलं अंतर सर्वांत जास्त बदलतं, तिथे तुमचं पुढच्या महिन्याचं काम आहे.

वाटेत दगावलेला, वाटेत अचानक खालावलेला आणि पोचल्यावर दिशा बदलावी लागलेला, असा प्रत्येक रुग्ण सर्व टप्प्यांच्या लोकांनी एकत्र तपासावा. बैठकीत शिक्षेची भाषा आली की पुढच्या वेळेपासून नोंदी गुळगुळीत होतात. आणि पहिला टूर्निकेट बांधणाऱ्या जवानाला त्याच्या मित्राचं पुढे काय झालं हे कळवा. ही माहिती वरून खाली सहसा येतच नाही, आणि तिच्याविना त्याचं शिक्षण अर्धवट राहतं.

१०. विमान येणारच नाही, असं धरून एक योजना

धुकं, रात्र, वाळूचं वादळ, शत्रूची हवाई संरक्षण यंत्रणा. युक्रेनमधल्या युद्धात आघाडीजवळ हेलिकॉप्टरने जखमी उचलणं इतकं धोक्याचं ठरलं की बराचसा भार रस्त्यावर आणि मागच्या पल्ल्यासाठी रेल्वेगाड्यांवर पडला. १९४९च्या जिनिव्हा करारांनी वैद्यकीय विमानांना संरक्षण दिलं आहे. पण ते उंची, वेळ आणि मार्ग यांबाबत दोन्ही पक्षांत झालेल्या समझोत्यावर अवलंबून असतं, शिवाय विमान केवळ वैद्यकीय कामासाठीच वापरलेलं असावं लागतं. दारूगोळा उतरवून परतीच्या फेरीत जखमी घेणारं हेलिकॉप्टर त्यात बसत नाही. नियोजनात ही दोन प्रकारची यंत्रं वेगवेगळ्या रंगांनी दाखवा.

प्रत्येक पुढच्या ठाण्यावर जखमीला चोवीस तास सांभाळण्याइतकं सामान आणि कौशल्य हवं: राखीव ऑक्सिजन, प्रतिजैविकं, वेदनाशामकं, लघवी मोजायची पिशवी, कूस बदलायला माणसं, आणि दूरच्या तज्ज्ञाशी बोलायला चालू रेडिओ. रस्त्याने नेण्याच्या वाटा आणि वाटेतली थांबण्याची ठिकाणं आधी चालून पाहिलेली असावीत. तीन महिन्यांतून एकदा सराव घ्या. त्यात रुग्ण विमानतळावर आणून झाल्यावर, कोणालाही पूर्वसूचना न देता, उड्डाण रद्द झाल्याचं जाहीर करा, आणि पुढच्या दहा मिनिटांत कोण कोणाला फोन करतो ते लिहून काढा.